घरची कर्मशाळा : बोथट बिटाची धार

विळी बोथट झाली तर ती गोष्ट घरांत लपून राहत नाहीं. भाजी चिरणाऱ्या हाताला ती तत्काळ कळते. टोमॅटो चिरण्याऐवजीं चेंगरतो, आणि संध्याकाळच्या आंत घरांतल्या एखाद्या मुलास धारवाल्याकडे पिटाळलें जातें. ड्रिलच्या बिटाचें तसें नाहीं. तेथें हात आणि धार यांच्यामध्यें विजेची मोटर उभी असते. बिट बोथट झालें म्हणून मोटर थांबत नाहीं. ती फिरतच राहते, आणि यंत्र धरणारा गृहस्थ निमूटपणें जोर वाढवितो. जोर वाढला कीं बिट तापतें. तापलें कीं अधिक बोथट होतें. अधिक बोथट झालें कीं अधिक जोर लागतो. या चक्राचा शेवट बहुधा तिहींपैकीं एका प्रकारानें होतो : बिट मोडतें, हातांतली वस्तु बिघडते, किंवा माणसास इजा होते. तीक्ष्ण हत्याराची भीति सर्वांनाच वाटते. बोथट हत्याराची कोणासच वाटत नाहीं, आणि आमच्या मतें खरा धोका याच निर्धास्तपणांत आहे. म्हणून या महिन्यांत बोथट झालेल्या बिटास घरच्या घरीं धार कशी लावावी, याचा थोडा सविस्तर विचार करूं.

हें काम लोहाराचें किंवा फिटरचें, लिहित्यावाचत्या घराण्यांचें नव्हे, असा एक समज आपल्यांतील पुष्कळांच्या मनांत असतो. पण ज्या घरांत दौत आणि बोरू होते, त्या घरांत धार लावण्याची विद्याहि होती. बोरूचें टोंक नुसतें अणकुचीदार करून भागत नसे. अणकुचीदार टोंक कागद ओरबाडतें; चाकूनें बेताचें तिरकें छाटलेलें टोंकच अक्षरास जाडी आणि बारकावा देतें. म्हणजे टोंक किती तीक्ष्ण आहे यापेक्षां तें कोणत्या कोनांत उतरलें आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. बिटाच्या धारेचें सारें मर्म याच एका वाक्यांत आहे. पणजोबांनीं जें बोरूवर केलें, तेंच आतां पणतवानें, आणि पणतीनेंहि, पोलादावर करावयाचें आहे.

प्रथम बिटाची रचना समजून घेतली पाहिजे. आपल्याकडील सुतार दोरी गुंडाळून फिरवावयाचा सामता वापरीत, आणि जाड लांकडास गिरमिट लावीत. युरोप-अमेरिकेंतहि धातूस भोंक पाडण्यासाठीं बराच काळ चपटीं पातींच चालत. चपट्या पात्याची मोठी अडचण अशी कीं, कापलेला कीस भोंकांतच सांचून राहतो. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांतले स्टीफन मोर्स यांनीं १८६३ सालीं पीळदार खांचांच्या बिटाचें पेटंट घेतलें, आणि पुढच्याच वर्षीं त्यांच्या नांवाची कंपनी निघाली. आज आपल्या घरच्या पेटींत असलेलें बिट त्याच कुळांतलें आहे.

परंतु या पिळानें पुष्कळांची दिशाभूल होते. पीळच भोंक पाडतो, असें पाहणारास वाटतें. वस्तुतः खांचांचें काम धारेच्या पुढच्या अंगास योग्य कल देणें, कीस वर आणून टाकणें आणि तेलास खालीं जाण्याची वाट ठेवणें, एवढेंच असतें. प्रत्यक्ष कापण्याचें काम टोंकावरील दोन आंखूड, सरळ धारा करतात. बिटाचें टोंक डोळ्यांसमोर धरून पाहिलें, तर त्या दोन धारा आणि त्यांस जोडणारी मधली लहानशी आडवी रेघ स्पष्ट दिसते. ही रेघ धातु कापीत नाहीं; ती नुसती दाबून बाजूस सारते. मोठें भोंक पाडण्यापूर्वीं लहान बिटानें वाट करून द्यावी असें जाणते सांगतात, त्याचें कारण हेंच. वाट आधींच झालेली असली म्हणजे मोठ्या बिटाच्या त्या रेघेस कामच उरत नाहीं, आणि अर्धा जोर वांचतो.

आतां मर्माकडे येऊं. प्रत्येक धारेच्या मागें पोलादाचा एक उतार असतो. बिट टोंक वर करून उभें धरलें, तर धार ही त्या उताराची सर्वांत उंच कड असली पाहिजे, आणि तेथून मागें जातांना पोलाद हळूहळू खालीं उतरत गेलें पाहिजे. हा उतार नसेल, तर धार कितीहि लखलखीत दिसली तरी ती धातूपर्यंत पोंचतच नाहीं. तिच्या मागची टांच धातूवर टेकते आणि बिट नुसतें घांसत राहतें. बर्फीच्या वड्या पाडावयास सुरी आडवी निजवावी आणि वरून दाबावें, तसाच तो प्रकार होय. नवशिक्याचें बिट कापीत नाहीं, तेव्हां त्यास वाटतें कीं धार कमी पडली. म्हणून तो तें पुन्हा चाकावर नेतो, आणि उतार आणखी सपाट करून परत आणतो. वास्तविक त्याची धार उत्तम असते. चुकतो तो धारेमागचा उतार.

कांहीं आंकडे ध्यानांत ठेवावे. सर्वसाधारण कामाच्या बिटास टोंकाशीं दोन धारांमधला कोन ११८ अंशांचा असतो, म्हणजे बिटाच्या मध्यरेषेशीं प्रत्येक धार ५९ अंशांचा कोन करते. कठीण पोलादासाठीं टोंक अधिक पसरट, १३५ अंशांचें ठेवतात. धारेमागचा उतार ८ ते १२ अंशांचा असावा. तो कमी झाला तर बिट घांसतें; फार झाला तर धारेस पाठीमागून आधार उरत नाहीं आणि तिच्या कपच्या उडतात. उतार बरोबर आहे कीं नाहीं याची साक्ष ती मधली आडवी रेघच देते. ती धारेशीं १२० ते १३५ अंशांचा कोन करून तिरकी बसलेली असावी. ती जवळजवळ काटकोनांत दिसूं लागली, तर उतार अपुरा आहे असें समजावें.

चाकाजवळ जाण्यापूर्वीं बिटाची परीक्षा करावी. खिडकीशीं उभें राहून धार उजेडांत फिरवून पाहावी. तीक्ष्ण धार इतकी बारीक असते कीं तिच्यावरून उजेड परतत नाहीं; बोथट धारेवर पांढरी रेघ चमकते. त्याहूनहि महत्त्वाचे ते धारांचे बाहेरचे दोन कोपरे. बिट फिरतांना सर्वांत अधिक वेग या कोपऱ्यांस असतो, म्हणून झीजहि तेथेंच आधीं होते. कोपरे गोल झालेले दिसले, तर तो गोलावा पूर्णपणें नाहींसा होईतों घांसलें पाहिजे; नुसतें टोंक चकचकीत करून उपयोग नाहीं. काम चालूं असतांहि बिट आपली तक्रार सांगतच असतें. ऐकणारा मात्र पाहिजे. चांगलें बिट मऊ लोखंडांतून दोन्ही खांचांतून सारखे, लांब, वळ्यावळ्यांचे कीस काढतें. बोथट बिट भुगा पाडतें, किंचाळतें आणि धूर काढतें.

आतां साधनें. घरच्या कर्मशाळेस १५० मिलिमीटर व्यासाच्या चाकाचा लहान ग्राइंडर पुरेसा होतो. कानस येथें चालत नाहीं, कारण बिटाचें पोलाद कानशीइतकेंच कठीण असतें. किंचित् बोथट झालेल्या धारेस तेलाच्या दगडानें किंवा हिऱ्याच्या कणांच्या पट्टीनें हात फिरवून उजाळा देतां येतो. परंतु कोपरे झिजलेल्या बिटास चाकच हवें. तें चाक म्हणजे पूजेची सहाण नव्हे, हें घरांतील सर्वांस बजावून ठेवावें. असें चाक मिनिटास सुमारें २,८५० फेरे घेतें, म्हणजे त्याची कड ताशीं सुमारें ८० किलोमीटर वेगानें धांवत असते. तडकलेलें चाक त्या वेगांत फुटलें, तर त्याच्या ठिकऱ्या कोणाचें वय किंवा नातें पाहत नाहींत. म्हणून नवें चाक बसविण्यापूर्वीं तें बोटावर टांगून लांकडी मुठीनें हलकेंच ठोकून पाहावें. मडकें घेतांना आपण टिचकी मारून पाहतों, तसेंच हें आहे. स्वच्छ नाद आला तर चाक सांधें. बद्द आवाज आला तर तें टाकून द्यावें.

कांहीं नियमांस मुळींच अपवाद करूं नये. डोळ्यांवर बंद कडांचा संरक्षक चष्मा असलाच पाहिजे. वाचावयाचा चष्मा त्याची जागा घेऊं शकत नाहीं. ज्या टेकूवर बिट ठेवतों तो आणि चाक यांमध्यें ३ मिलिमीटरांहून अधिक फट असूं नये, नाहींतर बिट त्या फटींत ओढलें जातें आणि बोटेंहि त्यामागून जातात. यंत्र सुरू केल्यावर पहिलें मिनिटभर चाकाच्या रेषेंत उभें न राहतां बाजूस उभें राहावें. चाकाच्या कडेवरच घांसावें, बाजूवर घांसूं नये. हातमोजे घालूं नयेत, कारण फिरतें यंत्र बोट सोडून देईल, पण मोजा सोडणार नाहीं. ओढणी, पदर, सैल बाह्या, उपरणें, मोकळे केंस आणि गळ्यांत लोंबतें जानवें या सर्वांचा बंदोबस्त आधीं करावा. लहान मुलांस पाहूं द्यावें, पण पांच हात दूरून, आणि त्यांच्याहि डोळ्यांवर चष्मा चढवून.

प्रत्यक्ष कृति शिकण्यास १० किंवा १२ मिलिमीटरांचें बिट घ्यावें. लहान बिटावर चूक दिसत नाहीं. शिकण्याची सर्वांत चांगली रीति अशी कीं, यंत्र बंद ठेवून एक कोरें करकरीत बिट चाकास लावून पाहावें. नव्या बिटाची धार आणि तिच्यामागचा उतार चाकावर कसा टेकतो, हें हातास कळूं द्यावें. हात शहाणा होण्यास डोळ्यापेक्षां वेळ अधिक लागतो, पण एकदां कळलेलें तो विसरत नाहीं.

मग बोथट बिट घ्यावें. एका हाताच्या बोटांवर बिटाचें पुढचें अंग पेलावें आणि तो हात टेकूवर स्थिर ठेवावा. दुसऱ्या हातांत मागचा दांडा धरावा. बिट चाकाच्या तोंडाशीं ५९ अंश तिरकें असावें. मापासाठीं टेकूवर खडूनें किंवा शाईनें त्या कोनाची रेघ आंखून ठेवली म्हणजे नजरेवर भार पडत नाहीं. जी धार घांसावयाची ती जमिनीस समांतर, वरच्या अंगास असावी. प्रथम धारच चाकास हलकेंच टेकवावी. टेकतांच दांडा धरलेला हात सावकाश खालीं न्यावा. दांडा खालीं जातो तसतसें धारेमागचें पोलाद चाकावर येतें, आणि तेथें हवा तो उतार आपोआप पडतो. येथें नवशिक्यांनीं बिट पिळूं नये. पिळण्याची लकब कसबी लोकांच्या हातीं शोभते. इतरांच्या हातून तीमुळें दुसरी धार चाकास लागून बिघडते. एकदां हात खालीं आला कीं बिट चाकापासून दूर करावें, अर्धा फेरा फिरवावें आणि दुसऱ्या धारेस तितक्याच दाबानें तितकेच हात द्यावे. इकडे दोन, तिकडे दोन, असा हिशेब चोख ठेवावा. एका बाजूस दहा हात देऊन मग दुसरीकडे वळणाऱ्याच्या दोन धारा कधींच सारख्या होत नाहींत.

तापण्याकडे लक्ष असावें. जुन्या काळचीं, आणि आजहि स्वस्तांतलीं कांहीं, बिटें साध्या कार्बन पोलादाचीं असतात. अशा पोलादावर घांसतां घांसतां प्रथम गवताच्या पिंवळ्या काडीसारखा रंग येतो, मग जांभळा, मग निळा. निळा रंग सुमारें ३०० अंश सेल्सिअसला येतो, आणि तो आला कीं त्या जागेचें पाणी उतरलें असें समजावें. तेथील पोलाद मऊ झालें, आतां कितीहि धार लावली तरी टिकणार नाहीं. अशीं बिटें दर दोन हातांनंतर पाण्यांत बुडवावीं. हायस्पीड पोलादाची गोष्ट निराळी. फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनीं अमेरिकेंतील बेथलेहेमच्या कारखान्यांत सिद्ध केलेलें हें पोलाद १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें, तेव्हां लालभडक तापूनहि तें लोखंड कापीतच राहतें, हें पाहून कारखानदार थक्क झाले होते. आजच्या नेहमींच्या हायस्पीड बिटांत शेंकडा सुमारें ६ भाग टंगस्टन आणि ५ भाग मॉलिब्डेनम असतें. थोडा निळसर रंग आल्यानें त्याचें कांहीं बिघडत नाहीं. उलट, फार तापलेलें हायस्पीड बिट एकदम थंड पाण्यांत बुडविल्यास धारेस सूक्ष्म चिरा पडण्याचा संभव असतो. तें हवेंत निवूं द्यावें. हातास चटका बसेल इतकें तापूंच न देणें हा दोहोंसहि लागूं पडणारा नियम.

धार लागली असें वाटल्यावर परीक्षा घ्यावी. कोन तपासण्याचें माप विकत आणण्याची गरज नाहीं. सारख्या आकाराचे दोन षट्कोनी नट सपाट बाजूस सपाट बाजू लावून टेबलावर ठेवले, कीं त्यांच्या टोंकाशीं जी खांच पडते ती बरोबर १२० अंशांची असते. त्या खांचेंत बिटाचें टोंक बसवून उजेडाकडे धरावें. ११८ आणि १२० यांतला फरक घरच्या कामांत जाणवत नाहीं. त्यानंतर दोन्ही धारांची लांबी सारखी आहे का पाहावें. एक धार लांब राहिली, तर टोंक मध्यापासून सरकतें आणि १० मिलिमीटरांच्या बिटानें त्याहून मोठें भोंक पडतें. दोन्हींचा कोन निराळा झाला, तर एकच धार सगळें काम करते आणि दुसरी आयतें बसून खाते. अशा घराची जी अवस्था व्हावयाची तीच त्या बिटाची होते. शेवटची परीक्षा लोखंडाच्या तुकड्यावर. दोन्ही खांचांतून सारखे कीस निघाले तर काम साधलें. एकाच खांचेंतून निघाले तर कोणती धार आळशी आहे हें लगेच कळतें.

सर्वच बिटांस धार लावावी असा आमचा आग्रह नाहीं. ३ मिलिमीटरांहून बारीक बिट हातानें घांसण्यांत वेळेचा अपव्यय आहे. तें नवेंच आणावें. भिंतीच्या बिटाच्या टोंकाशीं टंगस्टन कार्बाइडची वेगळी चकती बसविलेली असते. तें घरच्या करड्या चाकास दाद देत नाहीं. त्यास सिलिकॉन कार्बाइडचें हिरवें चाक किंवा हिऱ्याचें चाक लागतें. सोनेरी रंगाच्या बिटांवर टायटॅनियम नायट्राइडचा पातळ थर असतो. धार लावतांना टोंकावरचा थर जातो, म्हणून कांहीं लोक अशीं बिटें टाकून देतात. तसें करूं नये. थराखालचें पोलाद हायस्पीडचेंच असेल तर तें पूर्वींप्रमाणें काम देतें. ६ मिलिमीटरांच्या वरचीं हायस्पीड बिटें मात्र खरोखर जतन करण्यासारखीं असतात. त्यांस नीट धार लावीत गेल्यास तीं इंचाइंचानें आंखूड होत जातात, पण निकामी होत नाहींत.

धार लावण्याइतकेंच महत्त्व धार न घालविण्यास आहे. घरगुती ड्रिल मिनिटास २,८०० फेऱ्यांपर्यंत सहज जातें, आणि घोडा पूर्ण दाबण्याची संवय सर्वांसच असते. १० मिलिमीटरांचें बिट त्या गतीनें फिरलें, तर त्याची कड मिनिटास ८८ मीटर धांवते. मऊ लोखंडास मात्र २५ ते ३० मीटरच मानवतात. म्हणजे त्या बिटास ८०० ते ९५० फेरेच पुरेत. जाड बिटास मंद गति आणि बारीक बिटास जलद गति, हा नियम ज्यास समजला त्याचीं निम्मीं बिटें वांचलीं. लोखंडावर तेलाचे थेंब सोडावे. बिडाचें लोखंड आणि पितळ कोरडेंच चालतें. स्वयंपाकघरांतल्या स्टेनलेस स्टीलचा स्वभाव तर फारच मानी. त्यावर बोथट बिट नुसतें घांसत राहिलें, तर पृष्ठभाग घांसून घांसून इतका कठीण होतो कीं मागून आणलेलें नवें बिटहि तेथें शिरत नाहीं. स्टीलचा जुना डबा कुंडीसाठीं भोंकें पाडावयास घेतलाच, तर मंद गति, तेल, तीक्ष्ण बिट आणि न डगमगणारा दाब या चारींवांचून त्यास हात लावूं नये.

परंतु घरोघर बिटांचा नाश होतो तो मुख्यतः भिंतीवर. दिवाळीच्या आदल्या दिवशीं तोरणाचा किंवा दिनदर्शिकेचा खिळा ठोकावयाचा असतो; पेटींतलें हातास येईल तें बिट उचललें जातें; गिलाव्यांतली वाळू आणि विटेचा भाजलेला कण लोखंडाच्या बिटाचे कोपरे पळांत खाऊन टाकतो. मग तें बिट पुसून, मुकाट्यानें, पेटींत जेथल्या तेथें ठेवलें जातें. कोणी नेलें, केव्हां नेलें, यांची चौकशी करण्यांत अर्थ नसतो. एकत्र कुटुंबांत अशा प्रश्नांस उत्तर मिळत नसतें.

आमच्या मतें या लेखांतील खरी गोष्ट हीच आहे. बोथटपणा झांकण्याच्या दोन जागा घरांत असतात : एक मोटरचा जोर आणि दुसरी सामाईक पेटी. जोरानें तो आपल्यापासून झांकला जातो, आणि पेटीनें इतरांपासून. पुढच्या खेपेस जो हात तें बिट उचलील, तो कदाचित् घरांतल्या सर्वांत धाकट्या मुलाचा किंवा मुलीचा असेल. बिट कापीत नाहीं म्हणून तें मूल अंगचा सारा भार देईल, आणि भार दिला असतांना बिट मोडलें म्हणजे त्याचा तुकडा कोठें जाईल हें कोणास सांगतां येत नाहीं. बोथट बिट न सांगतां परत ठेवणें म्हणजे आपलें ऋण धाकट्याच्या नांवें लिहून ठेवणें होय.

यास उपाय सोपा आहे. लोखंडाचीं, लांकडाचीं आणि भिंतीचीं बिटें तीन निरनिराळ्या डब्यांत ठेवावीं आणि डब्यांवर ठळक बाळबोध अक्षरांत नांवें लिहावीं. चौथा डबा बोथट बिटांचा असावा. बिट बोथट झालें तर तें त्यांत टाकण्यांत कोणासहि कमीपणा वाटूं नये, आणि टाकणारास कोणी रागें भरूं नये. रागाच्या भयानेंच बिटें परत चांगल्या डब्यांत जातात. महिन्यांतून एका रविवारीं, दुपारची वामकुक्षी आटोपल्यावर, घरांतील ज्यास हात बसला आहे त्यानें त्या डब्यास बसावें, आणि शेजारीं एका शिकाऊस बसवावें. शिकाऊ मुलगा कीं मुलगी हा प्रश्न विचारूं नये. बोरूस धार देणाऱ्या हातांनीं अक्षर वळविलें. चाकाशीं बसलेल्या हातांस कोन, वेग आणि तापमान यांची ती ओळख होते, जी शाळेच्या पुस्तकांत नुसती वाचावयास मिळते.

हिशेबी वाचक विचारतील कीं, आज बाजारांत बिटांची आख्खी पेटी सहज मिळत असतां एवढा खटाटोप कशाला? बारीक बिटांपुरतें त्यांचें म्हणणें आम्हीं वर मान्य केलेंच आहे. पण धार लावतां येणाऱ्या माणसास जें मिळतें तें पेटींत विकत मिळत नाहीं. त्यास बोथट काय आणि तीक्ष्ण काय हें हातानें कळूं लागतें. बिटाच्या आवाजावरून, किसाच्या वळ्यावरून, हातास लागणाऱ्या दाबावरून तो वेळींच थांबतो. जोर वाढविण्याआधीं धार पाहावी, एवढी एक संवय घरांत रुजली, तर बिटें टिकतील, आणि त्यांहून मोलाचे असे डोळे आणि बोटेंहि सुरक्षित राहतील. अलमिति विस्तरेण.